थर वाळवंटाच्या रस्त्यावर जुनी ट्रॅव्हलर कॅम्पर रोज दुपारी हीट होते: कारण शोधायचं कसं

गाडी: जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर, मागे बेड, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून कॅम्पर केलेली. रस्ता: पुण्या-मुंबईहून अहमदाबाद, सांचोर, बाडमेर, जैसलमेर आणि पुढे रामगढ-तनोट. लक्षण: सकाळी तापमानाचा काटा जागेवर, अकरा वाजून गेले की हळूहळू वर, दीडपर्यंत लाल पट्ट्याच्या तोंडाशी. थांबलं, पाणी घातलं, तासाभराने निघालं की पंचवीस-तीस किलोमीटर बरं चालतं आणि मग पुन्हा तेच. एका गावात कूलंट बदललं जातं, पुढच्या गावात थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला जातो, त्याच्या पुढे वॉटर पंप नवा येतो. काटा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी वरच.

पार्ट बदलायला घेण्याआधी वहीत एकच गोष्ट लिहा: गाडी केव्हा तापते. किती वाजता, किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, वारा समोरून की मागून, एसी चालू की बंद. दोन दिवस एवढं टिपलं की निम्मी कारणं आपोआप गळतात. आणि कॅम्पर केलेल्या गाडीबाबत एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. ट्रॅव्हलर मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरून आली आणि १९८७ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. तिच्या जुन्या डिझेल इंजिनाची घडण दणकट आहे. तेच इंजिन प्रवासी भरून घाट चढत होतं तेव्हा तापत नव्हतं आणि कॅम्पर झाल्यावर तापायला लागलं, तर संशयित नंबर एक इंजिन नाही. कॅम्पर करताना जे लावलं, झाकलं किंवा हलवलं, ते आधी बघायचं.

काटा चढायला लागला की लगेच काय करायचं

एसी बंद. केबिन हीटर असेल तर फुल गरम आणि ब्लोअर फुल. उन्हात जिवावर येतं, पण तो छोटा का होईना, दुसरा रेडिएटरच आहे. वेग दहा-पंधराने उतरवा, एक गिअर खाली घ्या, ॲक्सिलरेटर हलका ठेवा. इंजिन २,००० ते २,२०० फेऱ्यांवर हलक्या लोडने फिरलं की पंप आणि फॅन काम करतात आणि उष्णता कमी तयार होते. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवणं सगळ्यांत वाईट.

तरी उतरत नसेल तर थांबा, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून. वाफ येत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटं १,२०० ते १,५०० वर चालू ठेवा, म्हणजे हेडमध्ये, सिलिंडरच्या वरच्या भागात, साठलेली उष्णता पाण्याबरोबर बाहेर येते. वाफ येत असेल, पाणी सांडलेलं दिसत असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर मात्र त्याच क्षणी बंद.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. वरचा रबरी पाइप हातात धरून ठेवता आला पाहिजे आणि दाबला की मऊ लागला पाहिजे, तोवर थांबा. उन्हाळ्यात यात पाऊण तास सहज जातो. मग जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसकारा पूर्ण संपू द्या, नंतर काढा. पाणी पूर्ण उडालेलं असेल तर तासभर तरी थांबा. तापलेल्या कोरड्या हेडवर गार पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो. थोडंच कमी असेल तर इंजिन आयडलवर ठेवून बारीक धारेने घाला.

केव्हा तापते, त्यावरून कुठे बघायचं

सपाट हायवेला ७०च्या पुढे तापते आणि गावात, गर्दीत ठीक राहते: फॅनला दोष देऊ नका, त्या वेगाला हवा आपोआप मिळते. इथे पाण्याचा प्रवाह कमी पडतोय किंवा रेडिएटर आतून-बाहेरून चोंदलाय. बेल्ट घसरणं किंवा खालचा होज पाइप चिमटणं हीही कारणं इथलीच.

उलट, हायवेला ठीक आणि वाळूत, खराब रस्त्यावर, गर्दीत तापते: फॅन, फॅनचा काऊल (त्याच्याभोवतीचं कडं), व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर फॅन पकडणारा जोड).

फक्त चढावर किंवा समोरच्या जोरदार वाऱ्यात तापते: कूलिंग जेमतेम आहे आणि लोड वाढला की कमी पडतं. वजन, टपावरचं कॅरिअर, घासणारा ब्रेक, काळा धूर. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या हबचं तापमान बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा ३०-४० अंश जास्त असेल तर ब्रेक धरतोय आणि इंजिन दिवसभर तो ओढतंय.

थंड इंजिन सुरू केल्यावर दहा मिनिटांत तापते: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, हवा अडकलीय किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलंय.

चहाला थांबून पुन्हा सुरू केल्यावर काटा थोडा वर असतो आणि दोन-तीन मिनिटांत उतरतो: हा दोष नाही. बंद इंजिनाची उष्णता साठून राहते, पाणी फिरलं की निघून जाते.

मागून वाऱ्याचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. उन्हाळ्यात थरमध्ये वारा प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून येतो. जैसलमेरहून पोकरण किंवा बिकानेरकडे निघालात की तो पाठीवर असतो. गाडी ताशी ६०, वारा मागून ताशी ३०, म्हणजे रेडिएटरच्या वाट्याला ताशी ३०चीच हवा, आणि तीही ४४-४५ अंशांची. याच पट्ट्यातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झालेली आहे. जैसलमेरहून बाडमेरला जाताना गाडी व्यवस्थित होती आणि परतीच्या वाटेवर तापली, तर मध्ये काही बिघडलंच असेल असं नाही. कूलिंगला हातचं काही शिल्लक नव्हतं, ते वाऱ्याने उघड केलं. अशा दिवशी पहाटे निघून अकराच्या आत अंतर कापायचं, दुपारी सावलीत थांबायचं आणि पाचनंतर पुन्हा निघायचं. रात्री ओढू नका. उंट आणि गाई रस्त्यावर बसलेल्या असतात.

काटा खरं सांगतोय का?

जुन्या गाडीत हे आधी तपासायचं. तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या अर्थिंगवर अवलंबून असतो. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावा. काटा टुणकन हलला तर अर्थिंगची पट्टी गंजलीय. इंजिन ते चेसिस आणि बॅटरी ते चेसिस, दोन्ही टोकं सोडून कानशीने चकचकीत करा आणि आवळा. काम दहा मिनिटांचं आहे.

उलटा धोका जास्त गंभीर. काटा वर जाऊन अचानक खाली पडला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण पाण्याची पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर वाफेत किंवा हवेत लटकतो आणि कमी तापमान दाखवू लागतो. तापलेली गाडी काही न करता पाच सेकंदांत थंड होत नाही. काटा असा पडला तर गाडी बाजूला घ्या.

इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक हजारेक रुपयांत मिळते आणि या प्रवासात जॅकइतकीच गरजेची आहे. ती काळ्या रबरी पाइपवर धरा. चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते. धातूवरच मोजायचं असेल तर काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. गरम चालत्या इंजिनाचा वरचा पाइप साधारण ८० ते ९५ आणि खालचा त्याहून ८ ते १५ अंश कमी असावा. फरक २५-३० असेल तर पाणी फार हळू फिरतंय. फरक जवळजवळ नाहीच आणि दोन्ही पाइप तापलेले असतील तर पाणी फिरतंय, पण रेडिएटर उष्णता टाकू शकत नाहीये, म्हणजे हवेचा प्रश्न. मग रेडिएटरच्या जाळीवर आडवी-उभी बंदूक फिरवा. मधेच एखादा थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत.

हवा: इथेच बहुतेक गाड्यांचं उत्तर सापडतं

ग्रिलसमोर उभं राहून बघा. काय काय लावलंय? बुल बार, त्यावर दोन मोठे फॉग लॅम्प, नंबर प्लेट, भोंगा, कधी स्टेपनीसुद्धा. प्रत्येक वस्तू आपल्या आकाराएवढी हवा अडवते. त्यामागे नंतर बसवलेला एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. एसी चालू असताना तो स्वतःची गरम हवा रेडिएटरवर सोडतो. कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या बोटभर फटीत धूळ, मेलेले किडे आणि गवत यांची गादी तयार होते, आणि ती समोरून दिसत नाही. समोरून धुऊन "रेडिएटर साफ आहे" म्हणणारे इथेच फसतात.

पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, या भागात भुरट गवताची काटेरी बोंडं आणि सेवण गवताची कुसळं उडत असतात. एकदा कच्च्या रस्त्याने गवतातून गाडी गेली की भुरट जाळीत रुतून बसतं. ते पाण्याने निघत नाही, चिमट्याने एकेक काढावं लागतं. ऑक्टोबरमध्ये जैसलमेरकडे जाणाऱ्यांनी हे रोज संध्याकाळी बघावं.

तपासणी अंधारात करा. रेडिएटरच्या मागून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, टॉर्च लावा आणि समोरून बघा. प्रकाश सगळीकडून सारखा झिरपला पाहिजे. जिथे काळे डाग, तिथे हवा जात नाही.

धुताना कंडेन्सरचे बोल्ट सोडून तो पुढे झुकवा. एसीचे पाइप सोडायची गरज नाही, दोन-तीन इंच सरकला तरी पुरे. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे घाण आली तशी बाहेर जाते. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पातळ फिन्स आडव्या होतात आणि पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. बागेच्या नळीचा जोर पुरतो. ऑइल झिरपून त्यावर धूळ बसलेली असेल तर कपडे धुण्याच्या पावडरीचं कोमट पाणी शिंपडून दहा मिनिटं मुरू द्या, मऊ ब्रशने उभं घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. रस्त्यात पाणी नसेल तर टायरवाल्याकडची हवा, एक फूट अंतरावरून, तीही मागून पुढेच. पुढे जाळी लावायची असेल तर तीन-चार मिलिमीटर छिद्रांची प्लास्टिकची लावा. मच्छरदाणीचं कापड लावू नका, तेच हवा अडवतं.

आता फॅन. काही जुन्या गाड्यांत तो थेट पुलीवर बोल्टने असतो. तिथे पाती तुटलेली नाहीत आणि दुरुस्तीनंतर उलटी बसवलेली नाहीत, एवढंच बघायचं. व्हिस्कस कपलिंग असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवा. थोडा अडथळा लागला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय. कपलिंगच्या कडेने बाहेर पसरलेले तेलकट ओघळ दिसले तर खात्रीच. कपलिंगच्या तोंडाशी पत्र्याची चपटी गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी गरम हवा तिला लागली की फॅन पकडतो. तिच्यावर चिखल वाळला असेल तर फॅन उशिरा पकडतो. टूथब्रशने साफ करा. कपलिंग गेलंच असेल तर हायवेवरचे ट्रकचे मिस्त्री ते बोल्टने जॅम करून देतात. चालतं, पण मग फॅन कायम पूर्ण वेगाने फिरतो, त्यामुळे इंजिन २,५००च्या वर नेऊ नका आणि मोठ्या गावात नवं कपलिंग घाला.

फॅनभोवतीचा काऊल नसेल तर फॅन रेडिएटरमधून हवा न ओढता कडेचीच हवा घुसळतो. पात्यांची साधारण अर्धी रुंदी काऊलच्या आत आणि टोकांपासून फट १५ ते २५ मिलिमीटर हवी. एसी बसवताना काऊल कापून टाकलेला पुष्कळ गाड्यांत दिसतो. पत्र्याचा बनवून घ्या, हे काम घरी असतानाच करा.

आणि खास कॅम्परवाल्यांचा दोष. ट्रॅव्हलरचं इंजिन अर्धं केबिनमध्ये आहे. केबिनमध्ये उष्णता आणि आवाज नको म्हणून इंजिनाच्या डब्याला सगळीकडून फोम आणि फॉइल ठासलं जातं, खालच्या फटीही बंद केल्या जातात. रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट उरत नाही, आणि बाहेर जाता आलं नाही तर हवा आत येतच नाही. इंजिनाच्या मागे आणि खाली मोकळी जागा ठेवा. सांडपाण्याची टाकी किंवा बॅटरीची पेटी तिथे टांगली असेल तर हलवा.

बेल्ट, अल्टरनेटर आणि तुमची लिथियम बॅटरी

बेल्टच्या सगळ्यांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. कडा चकाकत असतील तर तो घसरतोय. पुलीच्या खाचेत बेल्ट तळाला टेकत असेल तर कितीही ताणा, पकडणार नाही, बदला. नवा घातल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा ताण बघा.

जुन्या इंजिनात वॉटर पंप आणि अल्टरनेटर बहुधा एकाच बेल्टवर असतात. मागे लिथियम बॅटरी आणि ६० अँपिअरचा चार्जर लावला की अल्टरनेटरवर साधारण ८४० वॅट जास्तीचा भार येतो, आणि त्यातला तोटा धरला तर बेल्टला जवळपास दोन हॉर्सपॉवर जास्त ओढावी लागते. सकाळी बॅटरी रिकामी असताना आणि इंजिन गरम होत असताना बेल्ट घसरतो, पंप हळू फिरतो, काटा चढतो. दुपारी बॅटरी भरली की आपोआप बरं वाटतं आणि कुणाला काही कळत नाही. तपासणी सोपी: चार्जरचा फ्यूज काढा आणि त्याच रस्त्यावर वीस किलोमीटर चालवा. फरक पडला तर चार्जर ३० अँपिअरवर आणा किंवा दुहेरी बेल्टची पुली बसवा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

"साहेब, गरम भागात थर्मोस्टॅट लागत नाही" हे वाक्य सांचोरपासून तनोटपर्यंत ऐकू येईल. या घराण्यातल्या इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. वरची रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी खालची बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतो. म्हणजे गाडी जास्त तापते. नाइलाजाने काढायचाच असेल तर बायपासचं तोंडही बंद करावं लागतं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला पहाटे कडाक्याची थंडी असते, तेव्हा हेच डिझेल इंजिन गरमच होत नाही.

शंका असेल तर गॅसवर पातेल्यात पाणी ठेवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर बुडवा. त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडायला लागला पाहिजे आणि त्याच्यावर १२-१५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. कॅम्परमध्ये शेगडी असतेच. बसवताना त्यावरची छोटी झुलती पिन वरच्या बाजूला ठेवा. तिथून हवा सुटते.

पाणी, झाकण, हवा अडकणे

या मापाच्या इंजिनात साधारण १० ते १२ लिटर पाणी मावतं, पक्का आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. मागे हीटर किंवा गरम पाण्याची टाकी जोडली असेल तर लिटर-दीड लिटर जास्त. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. कूलंटचं प्रमाण वाढवून थंडावा वाढत नाही. साठ टक्क्यांच्या वर गेलं की उलट कमी होतो, कारण उष्णता वाहून नेतं ते मुख्यतः पाणीच. हिरव्यात लाल-केशरी मिसळू नका.

थरमधलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं आणि जड असतं. गाडी उभी राहिली तर घाला, त्यात वाद नाही, पण पहिल्या मोठ्या गावात काढून टाका. पाच-सहा वेळा तेच घातलं की नळ्यांच्या आत खपली धरते आणि मग हायवेवर तापण्याचा दोष सुरू होतो. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाक्या सोडवून नळ्यांत सळई घालून साफ करून देतो. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या टाकीच्या रेडिएटरचं ते होत नाही, तो बदलावाच लागतो. लिंबूसत घालून धुणं, लिटरला ३० ते ५० ग्रॅम, अर्धा तास गरम चालवून आणि मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा, हे निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी करा. खपली निघाली की तिने बुजवलेली भोकं उघडी पडतात, आणि ती घरी उघडी पडलेली बरी. नंतर पूर्ण सामान आणि भरलेल्या टाकीसह खंबाटकी किंवा कसारा एकदा चढून बघा.

झाकण सगळ्यांत स्वस्त पार्ट आणि सगळ्यांत दुर्लक्षित. ०.९ बारचं झाकण धरत असेल तर साधं पाणीही साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, निम्मं कूलंट असेल तर सव्वाशेच्या आसपास. रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि शंभरच्या पुढेमागे गाडी पाणी फेकायला लागते. इंजिन थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला किंवा रेडिएटरचं जास्तीचं पाणी घेणारी बाटली भरलेली आणि रेडिएटर कमी, तर झाकणाची आत ओढणारी झडप अडकलीय. जास्त दाबाचं झाकण लावायचा मोह टाळा; जुन्या रेडिएटरचे सोल्डरचे जोड सुटतात.

खालच्या पाइपचंही बघा. तो पंपाच्या ओढीवर असतो, आतली स्प्रिंग गंजून गेली की वेगात चिमटतो आणि गाडी थांबल्यावर पुन्हा गोल होतो. एकाने इंजिन २,५००वर न्या, दुसऱ्याने पाइपवर नजर ठेवा. हात फॅनपासून लांब.

पाणी बदलल्यावर तापायला लागली तर हवा अडकलीय. पुढची चाकं उंचवट्यावर चढवा, हीटरचा कॉक उघडा, झाकण काढून थंड इंजिन सुरू करा, वरचा पाइप दाबत-सोडत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहा. मागच्या टाकीकडे नेलेली लाइन बेडखाली उंच चढवलेली असेल तर हवा तिथेच बसते. त्या सर्वांत उंच जागी एक छोटा टी आणि कॉक बसवून घ्या, कायमचा प्रश्न मिटतो.

वाळूत

रस्त्यावर सरकून आलेल्या वाळूत गाडी रुतली की पहिल्या गिअरमध्ये रेस देत बसणं म्हणजे पूर्ण ताकद आणि शून्य वारा. दोन मिनिटांत काटा वर. उतरा, चाकांसमोरची वाळू खोऱ्याने काढा, मागच्या टायरची हवा ठरलेल्या दाबाच्या दोन-तृतीयांशावर आणा, पट्ट्या किंवा गोणपाट टाका आणि एकदाच सलग काढा. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरेपर्यंत वेग वीसच्या आत.

गळतीची रस्त्यावरची डागडुजी

चिरलेला पाइप: कोरडा करा, सिलिकॉनची स्वतःला चिकटणारी टेप ताणून, अर्धी-अर्धी चढवत तीन थर, दोन्ही टोकांना क्लिप. टेप नसेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि बाइंडिंग वायर. मग झाकण पहिल्या खाचेवरच ठेवून दाबाशिवाय हळू चालवा. रेडिएटरला सुईएवढं भोक: पाणी खाली करा, कानशीने घासून एम-सील, तासभर वाळू द्या. तांब्याची नळीच फुटली असेल तर तिच्या आजूबाजूच्या फिन्स कापा, नळी पकडीने दोन्ही बाजूंना दाबून दुमडा. एका नळीने फरक पडत नाही. हळद टाकण्याची ट्रकवाल्यांची युक्ती बारीक भोकावर चालते, दोन मोठे चमचे. पण ती थर्मोस्टॅट आणि हीटरच्या नळ्याही बुजवते, म्हणून गावात पोचल्यावर सगळं धुऊन काढायचं.

सोबत ठेवायचं: ५ लिटर मिसळलेलं कूलंट, १० लिटर डिस्टिल्ड पाणी, झाकण, बेल्ट, थर्मोस्टॅट त्याच्या गॅस्केटसह, वरचा-खालचा पाइप, प्रत्येक मापाच्या चार क्लिप, टेप, एम-सील. वॉटर पंप मापाचा सोबत असेल तर उत्तम. त्याच्या खालच्या बारीक भोकातून थेंब पडायला लागले की तो दिवस मोजत असतो, आणि तुमच्या गाडीचा पंप रामगढला मिळेल हे धरून चालू नका.

हेड गॅस्केट

हे तपासल्याशिवाय तनोटकडे वळू नका. रात्रभर थंड झालेलं इंजिन झाकण लावून सुरू करा. मिनिट-दोन मिनिटांत, पाणी कोमटही नसताना, वरचा पाइप दगडासारखा घट्ट झाला तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. बंद करा, दाब उतरू द्या, बेल्ट काढा, झाकण काढून तोंडापर्यंत पाणी भरा आणि मिनिटभरच चालवा. बुडबुडे सलग येत राहिले तर निदान पक्कं. बाटलीत काजळीचा काळा तवंग, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर यांपैकी एक जरी सोबत असलं तर पुढे चालवायचं नाही. दुधाळ ऑइलवर चालवलेलं इंजिन बेअरिंग खातं आणि मग खर्च गॅस्केटवर थांबत नाही.

हेड उघडायचं असेल तर जोधपूर बरं, तिथे हेड घासून सपाट करून देणारी वर्कशॉप आहेत. गाडी फ्लॅटबेडवर न्या. दोराने ओढायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा: इंजिन बंद असताना ब्रेकचा व्हॅक्यूम आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही नसतात, पेडल लाकडासारखं कडक लागतं. दोर पाच मीटरपेक्षा लांब नको, वेग २५च्या आत, गिअर न्यूट्रल, हॅझर्ड चालू, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत ब्रेकवर जोर देऊ शकेल असा माणूस बसवा.